गच्चीवरचा एडवर्ड

नाशिकचं मोगलांच्या काळातलं नाव 'गुलशनाबाद'. पेशवाईत जुनं नाव परत आलं आणि गुलशनाबाद कागदोपत्री उरलं. आम्ही त्याच जिल्ह्यातले, पण मालेगावचे, म्हणजे नाशिकपासून शंभरेक किलोमीटर ईशान्येला. मालेगाव म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, उन्हाळा आठवतो, फार तर मोसम नदीकाठचा नारोशंकरांचा किल्ला आठवतो. बाग कुणालाच आठवत नाही. तरीपण गावात फिरलात तर गच्चीवर, ओट्यावर, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात, फुटक्या बादलीत गुलाब दिसतोच. देवीच्या हारात तोच, दर्ग्यावरच्या चादरीत तोच आणि नवरदेवाच्या सेहऱ्यातही तोच.

आमच्या गच्चीवरही आहे. आईच्या एकूण चौदा कुंड्या. मोगरा, सदाफुली, गुलबक्षी, झेंडू, जास्वंद, अबोली आणि पाच गुलाब. पाचांपैकी चार नर्सरीतून आणलेले, त्यांना नावं आहेत. पाचव्याला नाव नाही. तो आईच्या माहेरून, सटाण्याहून, फांदी आणून लावलेला. घरात त्याला 'गावठी गुलाब' म्हणतात. आता गावठी म्हणजे नक्की कुठल्या गावचा? हा प्रश्न डोक्यात बसला आणि गेले दोनतीन महिने शनिवार-रविवार त्याच्यामागे गेले. जे हाती लागलं ते इथे मांडतोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा :-)

आधी शब्दापासून. 'गुलाब' हा शब्द फारसी. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. म्हणजे गुलाब हे मुळात फुलाचं नावच नाही, ते गुलाबपाण्याचं नाव! आपण बाटलीतल्या मालाचं नाव झाडाला चिकटवलं. मग त्याआधी आपल्याकडे या फुलाला काय म्हणत? संस्कृत कोशांत 'शतपत्री' सापडतं, 'सेवंती' सापडतं. हिंदीत 'सेवती' म्हणजे पांढरा गुलाबच. मराठीत मात्र शेवंती हे भलतंच फूल झालं. फुलांची नावं अशी एका झाडावरून उडून दुसऱ्या झाडावर बसतात. (आणि दसऱ्याला ज्याच्याशिवाय आपलं पान हलत नाही तो झेंडू मेक्सिकोकडचा, सदाफुली मादागास्करची, गुलबक्षीही अमेरिका खंडातली. आईच्या चौदा कुंड्यांत अस्सल इथले म्हणावेत असे मोगरा आणि अबोली. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

मोगलांना गुलाबाचं वेड होतं. जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात एक मजेदार नोंद केली आहे. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी काढत होती. गरम गुलाबपाणी पसरट भांड्यांत ओतलं की वर साय आल्यासारखा तवंग यायचा. तिने तो थोडा थोडा गोळा केला. वास असा की एक थेंब तळहातावर लावला तर सगळी बैठक दरवळावी. सलीमा सुलतान बेगमने त्याला नाव दिलं 'इत्र-ए-जहांगिरी'. हा सगळा उद्योग ज्या फुलावर चाले तो दमास्क गुलाब. अलिगडजवळ आणि पुष्करला त्याची शेती अजून आहे. वासाला त्याला तोड नाही. पण त्याचा मुख्य बहर वर्षातून एकदाच, वसंतात. महिना-दीड महिना फुलला की मग उरलेलं वर्ष नुसती काटेरी झुडपं.

इथेच माझी गाडी अडली. आमचा गावठी गुलाब वर्षभर फुलतो. मेमध्ये, पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकला असतानाही दोन-चार खुरटी का होईना फुलं देतो. हे दमास्कचं काम नव्हे.

वर्षभर फुलायची विद्या आली चीनमधून. तिथे बागवान मंडळी शेकडो वर्षं एक गुलाब जोपासत होती. त्याच्या 'युएजी' या चिनी नावातच महिना आहे, म्हणजे दर महिन्याला फुलणारा. युरोपातल्या बहुतेक गुलाबांना तेव्हा वर्षातून एकदाच बहर यायचा. चिनी गुलाब दिसायला साधा आणि वासाला यथातथाच, पण थांबायचं नाव नाही.

तो का थांबत नाही, याचं उत्तर वाचून मी खुर्चीतच उडालो. २०१२ साली फ्रेंच आणि जपानी संशोधकांनी ते शोधलं. गुलाबात केएसएन नावाचं एक जनुक असतं. वसंतातला बहर उरकला की 'आता फुलं पुरे, नुसती पानं-फांद्या वाढवा' असा हुकूम सोडणं हे त्याचं काम. चिनी गुलाबात या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक उपरा तुकडा येऊन बसलाय. जनुकांच्या जगात इकडून तिकडे उड्या मारणारे असे तुकडे असतात, त्यातलाच एक. तो बसल्यामुळे हुकूम सुटतच नाही आणि प्रत्येक नवी फांदी कळी घेऊनच येते. आमच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी चुकून कोडच्या मध्ये भलताच मजकूर पेस्ट केला, थांबण्याची अट निकामी झाली आणि लूप चालूच राहिला. 'हा बग नाही, फीचर आहे' हा विनोद आम्ही ऑफिसात रोज करतो. चिनी माळ्यांनी तो हजारेक वर्षांपूर्वी गंभीरपणे अमलात आणला होता. आज जगात जो कुठला गुलाब बारमाही फुलतो त्यात बहुतेक वेळा हाच बिघाड असतो.

आणखी एक मेख. हा गुण झाकला जाणारा आहे. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत यावी लागते. म्हणून युरोपात चिनी गुलाबाशी पहिले संकर केले तेव्हा पोरं निघाली ती पुन्हा वर्षातून एकदाच फुलणारी. नातवंडांच्या पिढीत कुठे बारमाही रोपं सापडायला लागली. जनुक हा शब्दसुद्धा नव्हता तेव्हा, नुसत्या चिकाटीवर हे काम झालं.

आता चीनमधून युरोपात जाताना हे गुलाब कुठल्या वाटेने गेले? कॅन्टनजवळच्या फा-टी नावाच्या नर्सऱ्यांतून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर. १७९० च्या दशकापासून १८२४ पर्यंत चार प्रसिद्ध चिनी गुलाब इंग्लंडात पोचले. प्रवास सहा-सहा महिन्यांचा, खारा वारा, गोड्या पाण्याची मारामार. झाडांना वाटेत विसावा लागायचा आणि अशा विसाव्याची एक जागा होती कलकत्ता. १७८७ मध्ये स्थापन झालेली तिथली वनस्पती बाग आपल्याला आज हावड्याचा जुना वड बघायला जायची जागा म्हणून माहीत आहे. त्या काळात ती म्हणजे चक्क झाडांचं जंक्शन होती. रॉक्सबर्गने १८१४ साली छापलेल्या तिथल्या झाडांच्या यादीत चिनी गुलाब आहेत.

गंमत बघा. माल चीनचा, पण फ्रेंच लोक त्याला 'बंगालचा गुलाब' म्हणायला लागले. त्याच्या कितीतरी आधी, १७५३ मध्ये, लिनियसने एका चिनी गुलाबाला शास्त्रीय नाव देऊन ठेवलं होतं 'रोझा इंडिका', म्हणजे भारतीय गुलाब. पुढे १७६८ मध्ये जॅकविनने 'रोझा चायनेन्सिस' हे नाव दिलं आणि शास्त्रात तेच चालतं. पण नर्सरीवाल्यांच्या तोंडातून 'इंडिका' गेलं नाही. गुलाबाची कलमं ज्या खुंटावर बांधतात त्यातल्या एकाला ते आजही 'इंडिका'च म्हणतात. पार्सलवर पाठवणाऱ्याच्या ऐवजी मधल्या स्टेशनचा पत्ता पडावा तसला प्रकार. तेव्हा गुलाब 'मूळचा भारतीयच' असं कुणी या नावाच्या जोरावर सांगायला लागलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आता आपण येतो हिंदी महासागरात. मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचं छोटं फ्रेंच बेट आहे. त्याचं जुनं नाव बूरबाँ. तिथले शेतकरी शेताला कुंपण म्हणून गुलाब लावत. एक ओळ चिनी गुलाबाची, एक दमास्कची (दमास्कमध्येही शरदात पुन्हा थोडं फुलणारा एक प्रकार आहे, तो). दोन जाती शेजारी शेजारी, मध्ये भुंगे आणि वारा. व्हायचं ते झालं. १८१७ मध्ये ब्रेआँ नावाचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बेटावर आला, तेव्हा पेरिशाँ नावाच्या एका मळेवाल्याच्या जागेत त्याला एक वेगळाच गुलाब दिसला. गडद गुलाबी, दमास्कसारखा सुवास आणि चिनी गुलाबासारखा पुन्हा पुन्हा बहर. त्याने त्याचा वाण पॅरिसजवळच्या नुई इथल्या राजघराण्याच्या बागेत, झाक नावाच्या मुख्य माळ्याकडे पाठवला आणि त्यातून 'बूरबाँ' गुलाबांचं अख्खं घराणं उभं राहिलं. बेटावर मात्र त्याचं साधं नाव होतं 'रोझ एदुआर'. पेरिशाँचं पहिलं नाव एदुआर.

या 'एदुआर'चा आपल्याकडे झाला 'एडवर्ड'. बरेच जण समजतात की इंग्लंडच्या सातव्या एडवर्डवरून हे नाव पडलं. त्या राजाचा याच्याशी काहीही संबंध नाही. एडवर्ड गुलाब भारतात इतका रुजला की हारांसाठी, गुलाबपाण्यासाठी आणि कलमाचा खुंट म्हणूनही वापरला गेला. त्याची फांदी नुसती मातीत खोचली तरी बहुधा धरते, आणि उन्हाला तो डरत नाही.

हे सगळं वाचून मी गावठी गुलाबाचे फोटो काढले. पाकळ्या मोजल्या, काटे पाहिले, पानं पाहिली, बहराच्या तारखा आईला विचारल्या. जिल्ह्यातल्या एका जुन्या नर्सरीवाल्या काकांना फूल आणि फांदी दाखवली. त्यांनी फूल हातातही घेतलं नाही. लांबूनच म्हणाले, "एडवर्ड आहे. आता कोण ठेवतं हा?"

आईला सांगितलं. म्हटलं, "अगं, तुझा गावठी गुलाब अर्धा चिनी, अर्धा अरबस्तानाकडचा, जन्म आफ्रिकेजवळच्या बेटावर आणि नाव फ्रेंच माणसाचं."

"बरं मग? आता त्याला पाणी घालायचं का पासपोर्ट विचारायचा?"

असो.

काकांच्या त्या 'आता कोण ठेवतं हा?'चा इतिहास एडवर्डनंतर पन्नास वर्षांनी सुरू होतो. १८६७ मध्ये फ्रान्समध्ये गियोने 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब आणला. लांब देठ, टोकदार कळी, एका देठावर एकच मोठं फूल. हायब्रिड टी म्हणतात तो प्रकार, आणि आपण ज्याला 'नर्सरीचा गुलाब' म्हणतो तो बहुतेक हाच. १९०० साली पेर्ने-दुशेने इराणी पिवळ्या गुलाबाचं रक्त त्यात आणलं आणि झळझळीत पिवळे, शेंदरी रंग मिळाले. त्याच पिवळ्या पूर्वजाबरोबर पानांवरच्या काळ्या ठिपक्यांचा रोगही घराण्यात शिरला असं गुलाबवाले मानतात. आमच्या गच्चीवर पावसाळ्यात याचा पडताळा येतो: चार नावाजलेल्या गुलाबांची पानं पिवळी पडून गळतात आणि एडवर्ड थोडाफार डागाळून तसाच उभा असतो. मग 'पीस', ज्याचे डोळे मेयां नावाच्या फ्रेंच गुलाबकाराने दुसरं महायुद्ध भडकताना परदेशी पाठवून वाचवले आणि ज्याचं नामकरण २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेत झालं. मग 'ग्लॅडिएटर', 'सुपर स्टार', 'डबल डिलाइट'... ही नावं महाराष्ट्रात गुलाब पाळणाऱ्या कुणालाही पाठ असतात, क्रिकेटच्या टीमसारखी.

या स्पर्धेत बघितलं काय जायचं? आकार, रंग आणि फुलदाणीत किती दिवस टिकतो ते. वासाला गुण कमी. तळेगावच्या फुलोद्यानातले किंवा आमच्या जिल्ह्यात जानोरीकडचे पॉलिहाऊसमधले गुलाब फेब्रुवारीत हुंगून बघा. दिसायला एक नंबर, पण नाकाला बहुतेक वेळा कागद. २०१५ मध्ये याचंही एक कारण सापडलं. फ्रेंच संशोधकांनी 'पापा मेयां' हा घमघमणारा लाल गुलाब आणि 'रूज मेयां' हा बिनवासाचा लाल गुलाब शेजारी ठेवून तुलना केली. सुवासाचा एक महत्त्वाचा घटक तयार करणारं जनुक एकात जोरात चालू होतं आणि दुसऱ्यात जवळपास बंद. ते कुणी मुद्दाम बंद केलं नव्हतं. एवढंच की ते चालू आहे की नाही हे पिढ्यान् पिढ्या कुणी तपासलं नाही. आमच्याकडे ज्या फीचरची टेस्टिंग होत नाही ते एक दिवस गुपचूप मोडतं, अगदी तसं.

आपल्याकडचे लोक यात मागे नव्हते. डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे नाव गव्हाच्या संशोधनात मोठं आहे, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ते १९६५ पासूनचे पहिले महासंचालक. पण हा माणूस आयुष्यभर गुलाबही तयार करत होता. 'दिल्ली प्रिन्सेस', पांढराशुभ्र 'डॉ. होमी भाभा' हे त्यांचेच. भारतातल्या गुलाबांवरचं त्यांचं जाडजूड पुस्तक १९६६ मध्ये निघालं. आणि कोडाईकनालचे विरराघवन. आयएएसची नोकरी मुदतीआधी सोडून त्यांनी गुलाबाला वाहून घेतलं. युरोपातल्या थंड हवेसाठी घडवलेली झाडं आपण उन्हात का मारतोय, हा त्यांचा सवाल. म्हणून त्यांनी आपल्याच देशातले दोन रानगुलाब हाताशी धरले. मणिपूरकडचा उंच चढणारा 'रोझा जायगँशिया' आणि पाणथळ, उष्ण भागात वाढणारा 'रोझा क्लिनोफायला'. अस्सल भारतीय गुलाब म्हणायचे तर असले. मला व्यक्तिशः पालांच्या गुलाबांपेक्षा विरराघवनांचा प्रश्न जास्त मोठा वाटतो. मालेगावच्या गच्चीवर उभं राहिलं की तो पायाला चटका देऊन कळतो.

कारण नर्सरीतून आणलेला गुलाब हे एक झाड नसतं, दोन असतात. खाली खुंट, वर भरलेला डोळा. द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. नाशिकचं द्राक्ष 'डॉगरिज' नावाच्या अमेरिकन खुंटावर उभं आहे हे पोराटोरांना ठाऊक असतं. गुलाबातही तेच. छाटणीसुद्धा सारखीच. द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास, गुलाबाचीही पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात, मग पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलं. जुने लोक छाटणीआधी गुलाबाच्या बुडाची माती उकरून मुळं काही दिवस उघडी ठेवत, मग शेणखत भरून पाणी देत. डाळिंबाला बहार धरण्याआधी ताण देतात त्याचाच हा भाऊ. आमच्या कसमादे पट्ट्यात (म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पण मे महिन्यात गच्चीचा स्लॅब तापतो, कुंडी दोन्हीकडून भाजते, लाल कोळी लागतो आणि वरचा साहेब मरतो. खालचा खुंट जिवंत राहून फुटवे काढतो. लोक खूश होतात, गुलाब वाचला म्हणून! वर्षभर वाढतो आणि फूल येतं ते भलतंच, किंवा येतच नाही. मग 'नर्सरीवाल्याने फसवलं' म्हणून बोंब. आमच्या चार नावाजलेल्यांपैकी एक असाच गेल्या उन्हाळ्यात गेला. ग्लॅडिएटर होता, लढून मेला म्हणायचं. एडवर्डला दोन मजले नाहीत. तो स्वतःच्या मुळांवर उभा आहे. वरून वाळला तरी खालून फुटतो तो एडवर्डच.

मग नर्सरीत एडवर्ड का मिळत नाही? फूल दोन दिवसांत पाकळ्या टाकतं, देठ आखूड, फुलदाणीत शोभत नाही, प्रदर्शनात चालत नाही. शिवाय जे झाड फांदी खोचली की येतं ते विकत कोण घेणार? एवढी वर्षं त्याचा प्रसार एकाच रस्त्याने झाला: एका घरातल्या बाईने दुसऱ्या घरातल्या बाईला फांदी दिली. सटाण्याच्या आजीकडे तो तिच्या माहेरून आला होता. आमच्याकडून तो खालच्या गल्लीतल्या चाचींकडे गेला. मागे एका मे महिन्यात आमचा जवळजवळ वाळला तेव्हा त्यांच्याकडूनच फांदी परत आली. कंपनीची जहाजं, कलकत्त्याची बाग हे सगळं नोंदलेलं आहे, तारखांसकट. या फांद्यांची नोंद कुठेच नाही. आणि आता जुनी घरं पडून फ्लॅट होतायत, ओटे जातायत, अंगणं जातायत. सटाण्याचं आजीचं घर २०२१ साली पाडलं, त्याबरोबर तिथलं मूळ झुडूपही गेलं. म्हणजे आमच्या ओळखीत या गुलाबाच्या दोनच प्रती उरल्या, एक आईच्या गच्चीवर आणि एक चाचींच्या अंगणात. दोन्ही मालेगावात, दोन्ही एकाच उन्हात. बॅकअप एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्याला आम्ही काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

या ऑक्टोबरात छाटणी केली तेव्हा कापलेल्या फांद्या फेकल्या नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या निवडल्या, वीतभर लांब, खालचा काप डोळ्याच्या जरा खाली, वरची दोन पानं ठेवून बाकी काढली. अर्धी माती, अर्धी वाळू. आईच्या मते वाळू मोसमची हवी. मी बांधकामावरची आणली, तिने नाक मुरडलं. बारा फांद्या लावल्या, पैकी सात धरल्या. एक पुण्यात माझ्या बाल्कनीत आहे, एक देवळ्याच्या मावशीकडे गेली, दोन ऑफिसातल्या मित्रांनी नेल्या. तीन अजून मालेगावातच जिन्याखाली सावलीत आहेत. कुणाला हवी असेल तर जून लागला की सांगा. त्याआधी हलवू देणार नाही असं आईचं म्हणणं आहे.